समुद्राचा अनुशेष

नागपूरला समुद्र नाही, ही काही बातमी नव्हे. झिरो माइलच्या खांबापाशी उभं राहून कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी खारं वारं यायचं नाही. मे महिन्यात तर साधंही येत नाही. पण आमच्या कॉलनीतले दगडवाले काका गेली तीस वर्षं ही गोष्ट मनाला लावून बसले आहेत.

काकांना अमोनाइटचा नाद. अमोनाइट म्हणजे माकूळ आणि ऑक्टोपसच्या भावकीतला प्राणी, पण जिलबीसारख्या वेटोळ्या शंखात राहणारा. शंखात एकामागे एक खोल्या. जीव वाढला की पुढे नवी खोली बांधायची, मागची बंद करायची आणि रिकाम्या खोल्यांतल्या हवेच्या जोरावर समुद्रात तरंगत राहायचं. "फ्लॅट स्कीमच होती बाप्पा," काका सांगतात, "फक्त पझेशन वेळेवर मिळत होतं." मेंढ्याच्या शिंगासारखा दिसतो म्हणून त्याला इजिप्तच्या अमून देवाचं नाव पडलं, हे ऐकवल्याशिवाय काका पाहुण्याच्या हाती कप देत नाहीत. त्या घरचा चहा गरम प्यायल्याचं मला तरी आठवत नाही.

संग्रहात 41 नग आहेत. कच्छचे, तमिळनाडूतल्या अरियलूरचे, चार धार जिल्ह्यातल्या बागचे. प्रत्येक नग कापसात गुंडाळून संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात. एका दिवाळीत काकूंनी घाईत चुकीचा डबा व्याह्यांकडे पाठवला. रात्री तिकडून फोन आला, "बर्फी उत्तम आहे, जरा कडक झाली." व्याही भला माणूस. दात कोणाचा गेला, ते अजून कळलेलं नाही.

या सगळ्याची नोंद एका जाड रजिस्टरात आहे. शेवटच्या पानावर गावनिहाय गोषवारा, आणि त्यात सगळ्यात वर, लाल शाईत: नागपूर – 0.

हे शून्य काकांना झोपू देत नाही. ते पक्के विदर्भवादी. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेच्या समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला आणि बागच्या आसपास आपले शंख ठेवून परत गेला. "धारपर्यंत येऊन राहिला होता नं तो! मग नागपूरला यायला काय झालं होतं? आमचं अधिवेशन तरी वर्षातून एकदा येते!" लाव्हाबद्दलही हीच तक्रार. दख्खनचा काळा पाषाण पश्चिमेकडे दीड-दोन किलोमीटर जाडीचा, आणि आपल्याकडे येईतो पंगतीच्या शेवटी वाढलेल्या वरणासारखा पातळ. नागपूरच्या पूर्वेला तर संपलाच. काकांच्या मते अनुशेष मोजायची सुरुवात 1953च्या नागपूर करारापासून करणं हीच मुळात चूक आहे.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी एकदा हिस्लॉपचं नाव काढलं. कॉलेजवाला हिस्लॉप. स्टीफन हिस्लॉप 1845 साली मिशनरी म्हणून नागपूरला आला आणि धर्म सांगता सांगता दगड फोडू लागला. लाव्हाच्या दोन उद्रेकांमध्ये जी उसंत मिळे तिच्यात इथं तळी साचत. पुढचा लाव्हा आला की तळं चिखलासकट, जिवांसकट झाकलं जाई. टाकळीच्या अशाच थरांतून त्याने शंख, मासे, झाडाफळांचे अवशेष काढले आणि 1855मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीत नागपूरचं नाव नेलं.

"गोगलगायी!" काका ओरडले. "गोड्या पाण्यातल्या! तळ्यातल्या फायसा!" वरपक्षाकडे समुद्रकिनाऱ्याचा बंगला सांगून फुटाळ्याकाठची झोपडी दाखवावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला मात्र त्या गोगलगायींचं कौतुक वाटतं. अंगावर ज्वालामुखी येत असताना तळ्यात संसार थाटणं याला छाती लागते. आणि त्याच सुमारास, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, जगभरच्या समुद्रांतून अमोनाइट कायमचे गेले. हे मी बोललो नाही. चहा आधीच गार झाला होता.

खरी गंमत पुढेच आहे. काकांच्या घरातला सगळ्यात देखणा अमोनाइट बर्फीच्या डब्यात नाहीच. तो देवघरात आहे. काकूंच्या माहेरून आलेला शाळिग्राम. नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूला काळ्या मातकट खडकांतून सुटलेले हे गोटे गंडकीत येतात. गोटा फोडला तर आत सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा, हिमालय उठायच्या आधी तिथे असलेल्या टेथिस समुद्रातला शंख. आपण ज्याला चक्र म्हणतो, ती त्याची वेटोळी. काकूंच्या शाळिग्रामाला एका बाजूने बारीक भोक आहे आणि आत चक्राची जेमतेम कड दिसते. बाकीचं सगळं दगडाच्या पोटात. काकांकडे हातोडी आहे. देवघराची किल्ली काकूंकडे आहे. त्यांचा संसार इतकी वर्षं या दोन वस्तूंच्या मधोमध सुखाने चालला आहे.

किल्ली फक्त तुळशीच्या लग्नाला सैल होते. यंदा मी हजर होतो. उसाचा मांडव, पाटावर शाळिग्राम, अंतरपाट, आणि अंतरपाटाच्या चुकीच्या बाजूला गुडघ्यांवर बसून नवरदेवाच्या पोटात भिंगाने डोकावणारे काका.

"अहो, अक्षता टाका," काकू म्हणाल्या, "खोल्या नंतर मोजा."

मंगलाष्टकं संपली. पोट्टे फटाक्यांकडे आणि उसाकडे पळाले. काका तसेच बसून.

"दरवर्षी आपल्याच अंगणात लग्न लावून राहिलो नं याचं?"

"मग?"

"आणि लग्न लागलं की हा परत जात नाही. इथंच राहते."

काकू काही बोलल्या नाहीत. त्या चुरमुरे वाटत होत्या. काका उठले, आत गेले आणि रजिस्टर घेऊन आले. शेवटच्या पानावरचं लाल शून्य पट्टीने नीट खोडलं आणि शेजारी लिहिलं: नागपूर – 1 (घरजावई).