दिवा लुकलुकतोय, काकू!

"काकू, आहात का? आमचं नेट परत गेलं."

"आहे गं, पडवीतच आहे, सुपारी सोलत्येय. तू गडग्यापाशीच थांब, अंगणात शेवाळ झालंय, घसरशील. गेलं म्हणजे नेमकं काय झालं?"

"मोबाइलवर ते गोल गोल फिरत बसतं. ह्यांची मीटिंग, पोराचा क्लास, सगळ्याचा बट्ट्याबोळ. हे म्हणतात, नवा मोडेम आणू या."

"आणा की! वरच्या आळीतल्या वकिलांनी आणला ना. मग दुसरा आणला, तोही पहिल्या सरीलाच रुसला. दुकानदाराचं तेवढं भलं झालं. मोडेम बिघडत नाही असं नाही, पण आधी त्याच्या तोंडाकडे तरी बघावं. दिवे कुठले लागतात?"

"पॉवरचा लागतो. डीएसएल लिहिलंय तो लुकलुकतो, स्थिर होतो, परत लुकलुकतो."

"मग आजार तारेतला. तो स्थिर असता आणि इंटरनेटचा दिवा लाल असता, तर म्हटलं असतं, पासवर्ड चुकलाय किंवा टेलिफोनवाल्यांकडेच काही बंद आहे. दोन्ही हिरवे असूनही मोबाइल रडला, तर वायफायला धरायचं. मास्तरीणबाईंनी मोडेम लोखंडी कपाटामागे लपवलाय, का, तर दिसायला बरा नाही! वर विणलेला रुमालही घातलाय. तापणार नाही तर काय होईल?"

"तुम्हाला हे सगळं कसं हो माहीत?"

"आमचे हे जन्मभर टेलिफोन खात्यात. रिटायर झाले, तरी जेवताना ताटात पिलर आणि डीपी, म्हणजे तारांच्या पेट्या, असतातच. 2004 साली सरकारचं ब्रॉडबँडचं धोरण आलं, तेव्हा 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे, आणि ह्यांना त्याचं केवढं कौतुक! आता 2023 पासून निदान 2 एमबीपीएस लागतं म्हणे. तार मात्र तीच, तांब्याची. चौकापर्यंत फायबर आलंय, आपल्या आळीत वळलेलं नाही. बरं, साधा फोन कानाला लावून बघितलास?"

"नाही. त्याचा काय संबंध?"

"एक आकडा दाबायचा, म्हणजे डायलटोन जातो. मग गप्प राहून ऐकायचं. खरखर आली, की कुठेतरी सांधा ओला आहे असं समज. पावसात खांबावरच्या पेटीत पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं. मास्तरांचं नाही का? पाऊस लागला की रिसीव्हर बाजूला काढून ठेवतात, म्हणे नेट सुरू राहतं. राहतंच! फोन उचलला की तारेतून थोडी वीज वाहते, गंजलेला सांधा तेवढ्यापुरता धरतो. मास्तरांना वाटतंय, मोठा शोध लागला. आणि तिकडे लेकीला फोन सदा एंगेज. तिची सासू विचारायला लागली, 'तुझे वडील रागावलेत का गं?' लाइनमन बोलावून सांधा नवा करून घ्यायचा, ते सोडून नसता उद्योग."

"अगंबाई! मला वाटलं, जमिनीच्या वाटणीवरून बिनसलं."

"ते वेगळं, ते नंतर सांगते. तुमच्या माडीवर फोन आहे ना?"

"सासूबाईंच्या खोलीत. वायर ह्यांनीच ओढली."

"स्प्लिटरच्या आधी जोडली की नंतर?"

"म्हणजे?"

"ती छोटी पांढरी डबी गं. बाहेरची तार आधी तिच्यात यायची, तिथून एक फोनला, एक मोडेमला. बोलणं 4 किलोहर्ट्झच्या आत आटोपतं, नेट त्याच्या बरंच वर, एडीएसएल टू प्लस असेल तर 2.2 मेगाहर्ट्झपर्यंत. एका घरात दोन चुली, तशा एका तारेवर. मधली भिंत म्हणजे ती डबी. तुझ्या नवऱ्याने माडीची तार भिंतीच्या अलीकडेच जोडली असणार. वर फोन वाजला की नेट जातं का?"

"जातं कधीकधी. सासूबाईंना तेच सांगते मी, पण त्या म्हणतात, माझ्या फोनला नावं ठेवू नकोस."

"त्यांचा दोष नाही, आणि तुझाही. आज माडीची तार सोडव. बाहेरची तार घरात शिरते त्या पहिल्या सॉकेटलाच मोडेम लाव, आखूड वायरने. रात्र काढली त्याने, तर दोष घरातला. नाही काढली, तर खांबापासून पुढे टेलिफोनवाल्यांचा."

"पण दिवसा बरं चालतं काकू. दिवेलागणीला बरोबर जातं."

"अगं, हे आधी सांगायचं! संध्याकाळी नवीन काय लावतेस?"

"काही नाही... देवघरातली माळ. श्रावणात बाजारातून आणली ना, एलईडीची."

"आमचा ट्रान्झिस्टर घेऊन जा. मिडियम वेव्हला लाव, स्टेशन नाही तिथे काटा ठेव आणि घरभर फिर. मिडियम वेव्ह 531 ते 1602 किलोहर्ट्झ, म्हणजे तुझं नेट चालतं त्याच पट्ट्यात. जो खरखराट मोडेमला छळतो, तोच रेडिओला ऐकू येतो. देवघराशी खरखर वाढली आणि माळ काढल्यावर थांबली, तर चोर सापडला. स्वस्तातले चार्जर, जुने पंख्याचे रेग्युलेटर, इन्व्हर्टर, हेही असले उद्योग करतात."

"आणि नाही सापडला तर?"

"तर मुलाला मोडेमचं पान उघडायला सांग. तिथे एसएनआर मार्जिन, म्हणजे खरखराटावर सिग्नलची किती उसंत उरली ते, लिहिलेलं असतं. 6 डेसिबलच्या खाली गेलं की लाइन तुटायला लागते, 10च्या वर असलं तर बरं. ॲटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती विरतो ते, 40 डेसिबलच्या आसपास असेल, तर एक्स्चेंज साधारण तीन किलोमीटरवर, तारेच्या वाटेने मोजून हं. तार पिलरला वळसे घालत येते. तेवढ्या अंतराला 24 एमबीपीएसची आशा धरू नकोस, जाहिरातीत काहीही असो. दुपारचा आकडा लिही, रात्रीचा लिही."

"आणि तक्रार?"

"तक्रार करताना 'नेट स्लो आहे' म्हणू नकोस. मोडेम बंद करून चालू करा म्हणतात आणि फोन ठेवतात. सांगायचं, डीएसएलचा दिवा टिकत नाही, फोनवर खरखर आहे, मोडेम पहिल्या सॉकेटला लावून बघितला, मार्जिन इतकं आहे. तक्रारीचा नंबर मागून घे. लाइनमन आला की चहा दे आणि खांबावरची पेटी उघडायला लाव, नुसता मोडेम बघून जाऊ देऊ नकोस. आणि ट्रान्झिस्टर उद्या सकाळी आणून दे गं, ह्यांना बातम्या लागतात."