पसरणीच्या घाटात डावा पाय

माझं शिकाऊ लायसन आल्याची बातमी फुटली आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, शिकायचं तर गिअरवालीवरच. ऑटोमॅटिक काय, कोणीही चालवतं." वन्सं म्हणाल्या, "कोणीही चालवतं म्हणूनच ती घ्यायची!" ह्यांनी पेपरातून डोकं काढलं नाही. गाडीचे पैसे ह्यांनाच द्यायचे होते.

पाचगणीला सगळ्यांचं जाणं ठरलेलंच होतं. तेव्हा दोन्ही गाड्या काढायच्या, वाईपर्यंत मी भाऊजींची मॅन्युअल चालवायची आणि पुढे घाटात वन्संची ऑटोमॅटिक, असा तह झाला. शिकाऊ माणसाच्या गाडीला लाल अक्षरात 'एल' लागतो आणि शेजारी पक्कं लायसनवालं कोणीतरी बसावं लागतं. आमच्याकडे पक्कं लायसनवाले आणि पक्क्या मतांचे, दोन्ही मुबलक.

प्रत्यक्षात हायवेवर मला कोणी स्टिअरिंगला हात लावू देईना. खंबाटकीचा घाट मी मागच्या सीटवरूनच पाहिला. शनिवारची सकाळ. कंटेनर मुंगीच्या चालीने चढत होते, कडेला दोन-चार गाड्या बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या होत्या आणि हवेत जळक्या क्लचचा वास. भाऊजी हाफ क्लचवर गाडी पेलत मला समजावत होते, "हे जमलं की सगळं जमलं." तोंड शिकवत होतं, डावी पोटरी मात्र थरथरत होती. पुढच्या गाडीत वन्सं ब्रेकवरचा पाय नुसता उचलत होत्या की गाडी आपली आपण रांगत होती. मधूनच त्यांचा हात खिडकीबाहेर येई. भाऊजींच्या मते तो सिग्नल नव्हता, टोमणा होता.

सुरूर फाट्यावर माझा नंबर लागला. रस्ता सरळ, कडेला जुने वड. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा तेच. क्लासच्या गाडीत तर मी लोण्यासारखी चालवते! भाऊजींनी विचारलं, "क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशी काय असतं?" ब्रेक असतो. आणि क्लचही. तेव्हा उजेड पडला. लक्ष्मी रोडवर अलगद गाडी उचलणारा पाय माझा नव्हताच, सरांचा होता. मी आजवर ऑटोमॅटिकच चालवत होते, फक्त तिला मिशा होत्या.

वाईला ढोल्या गणपतीसमोर हात जोडून गाड्या बदलल्या. वन्संच्या गाडीत तीन पेडलांच्या जागी दोनच. ही एएमटी. 2014 साली मारुतीने सेलेरिओबरोबर हिला आपल्याकडे मध्यमवर्गात आणलं. आत गिअरबॉक्स तोच, क्लचही तोच. दाबायला आणि गिअर टाकायला तेवढं एक यंत्र. म्हणजे इथेही सर आहेतच, फक्त शेजारच्या सीटवरून बॉनेटखाली गेले आहेत. दुसऱ्याचा तिसरा करताना ते क्षणभर विचार करतात, तेव्हा गाडीतले सगळे एकदम मान डोलावतात. यापेक्षा खानदानी ऑटोमॅटिकही असतात, त्या मान डोलावू देत नाहीत. त्यांच्या किमती ऐकून आपणच डोलतो.

"डावा पाय मागे घे आणि विसरून जा," वन्संनी बजावलं. पसरणी गाव मागे पडलं. शाहीर साबळ्यांचं गाव, पण माझं लक्ष पायाकडे. पहिल्या वळणाला जित्याची खोड उफाळली. डाव्या पायाने सवयीने क्लच दाबला. तिथे ब्रेक होता. चिवड्याचा डबा मागून पुढे आला. ह्यांचा चष्माही.

पुढच्या वळणावर वरून एसटी आली. चढणाऱ्याला आधी वाट, म्हणून ड्रायव्हरने सभ्यपणे बस थांबवली आणि मी निघण्याची वाट पाहू लागला. ब्रेक सोडला, तर बॉनेटखालचे सर विचारात! गाडी वीतभर मागे सरकली. "हँडब्रेक ओढ, रेस दे, मग सोड," वन्सं म्हणाल्या. हा धडा थेट भाऊजींच्या पुस्तकातला होता. मागच्या सीटवरून तसं सांगण्यातही आलं.

पाचगणीत चहावर खरं रण पेटलं. भाऊजींनी भाचीचा दाखला काढला. ती इंग्लंडमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा पास झाली, म्हणून तिला तिथे गिअरची गाडी चालवायला कायद्यानेच बंदी. "बघा, तिकडच्या सरकारलाही कळतं!" आपल्याकडे मोटारीच्या लायसनवर असा भेद नाही, परीक्षा कशावरही द्या. वन्संनी 1984 ची कायनेटिक होंडा काढली. बटन दाबलं की सुरू, गिअर नाही. तेव्हा चेतकवाले हसले होते. "आता पुण्यात गिअरची नवी स्कूटर दाखव मला." भाऊजींनी भज्यांची प्लेट पुढे ओढली.

उतरताना ऑटोमॅटिक भाऊजींकडे दिली. चढताना जो गिअर, उतरताना तोच, हे ते कोळून प्यायलेले. 'डी'मधून 'एम'वर आणून त्यांनी दुसरा गिअर टाकला, इंजिनाने गाडी धरून ठेवली, ब्रेक तापले नाहीत. "म्हणजे गिअर लागलाच ना?" ते विजयी स्वरात म्हणाले. पण अख्ख्या घाटात त्यांचा डावा पाय पायपुसण्यावर नसलेला क्लच दाबत होता. दर वळणाला.

वाईत मी जाहीर केलं: परीक्षा गिअरच्या गाडीवर देणार, कारण अडीअडचणीला मिळते ती शेजाऱ्याची गाडी आणि तिला तीनच पेडलं असतात. विकत मात्र ऑटोमॅटिक घेणार, कारण रोज जायचंय ते सिंहगड रोडने.

दिवसभरात ह्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "फरक किती पडतो?"

"पन्नासेक हजार."

"एका पायाच्या सुट्टीचे पन्नास हजार?" ह्यांनी चष्मा पुसला. "मग दोन्ही पायांनी चालत गेलीस तर लाख वाचतील."