पापुद्रा

माझा भाचा डेन्व्हरला असतो. कोलोरॅडोत रात्री बर्फाचं वादळ झालं की पहाटे तो गाडीच्या टपावर स्की बांधून डोंगराकडे सुटतो. आमच्या बदलापूर पश्चिमेला रात्री वादळ झालं की पहाटे माणसं आपली मोटरसायकल कुठवर वाहत गेली ते बघायला सुटतात. उत्साह दोन्हीकडे सारखाच.

गेल्या जानेवारीत त्याने सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. सार असं, की वादळानंतरच्या सकाळी डोंगर एकजिनसी नसतो. झाडांच्या आडोशाला बर्फ तांदळाच्या पिठीसारखा पडलेला असतो. त्याला म्हणायचं पावडर. उघड्या धारेवर तोच बर्फ वाऱ्याने चोपून चोपून फरशीसारखा केलेला. आणि ऊन लागणाऱ्या उतारावर वरचा थर दिवसा वितळतो, रात्री गोठतो. म्हणजे वर कडक पापुद्रा, खाली मऊ. पिठीत तरंगत असताना अचानक पापुद्रा लागतो, स्की आत जाते आणि माणूस तिच्या पुढे. "दर दहा फुटांवर वेगळा खेळ, मामा! तुला नाही कळणार."

मला नाही कळणार! बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला!

आमच्या घरात हॉलच्या भिंतीवर एक मातकट रेघ आहे. २६ जुलै २००५ची. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि इकडे उल्हास नदी आमच्याकडे राहायला आली. रंगारी आला की ही त्याला बजावते, "तेवढी रेघ सोडा हं." पाहुणा आला की चहाच्या आधी रेघ दाखवली जाते. मग २०१९चा २७ जुलै. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर माणसं होड्यांतून काढावी लागली. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालेली माणसं आमच्या भाताच्या खाचरांचं दर्शन घेऊन परतली. पण असल्या मोठ्या पुरांची बातमी होते. दर पावसाळ्यात दोन-तीनदा येऊन जाणारं घोटाभर पाणी बातमीत बसत नाही, आणि खरा खेळ तेच ठेवून जातं.

कारण पाणी ओसरलं की उरतो गाळ. सह्याद्रीचा काळा दगड झिजून झालेली माती ती. तिच्यातले चिकणमातीचे कण पत्र्याच्या बारीक चकत्यांसारखे असतात. मध्ये पाणी शिरलं की चकतीवरून चकती सटकते. भाच्याकडे बर्फाचे प्रकार असतील चार. आमच्याकडे मोजा: नळाच्या कडेला रबरबीत राड. पायऱ्यांवर साबणासारखा बसलेला गाळ. गटाराच्या तोंडाशी रेंदा, ज्यात चप्पल गेली तर ती गेली असंच समजायचं. कंपाउंडच्या भिंतीलगत शेवाळ. रिक्षास्टँडजवळ सांडलेल्या तेलाचं इंद्रधनुष्य, दिसायला सगळ्यांत सुंदर आणि पाडायला सगळ्यांत तत्पर. शिवाय खालून निसटलेला पेव्हर ब्लॉक. एका टोकावर पाय दिला की दुसऱ्या टोकाकडून सदऱ्यापर्यंत पिचकारी. आणि सगळ्यांचा बाप म्हणजे पापुद्रा. दोन तास ऊन पडलं की गाळ वरून सुकतो, भेगा पडतात, रस्ता झाल्यासारखा दिसतो. दिसतो, एवढंच.

गेल्या श्रावणात रविवारी रात्रभर कोसळलं. सोमवारी उजाडता उजाडता थांबलं आणि लख्ख ऊन पडलं. हिला अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचं होतं. "अहो, श्रावणी सोमवार काय चिखल बघून येतो का?" या प्रश्नाला उत्तर नसतं.

मी नवे बूट चढवले. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधून आणलेले, नाव जगप्रसिद्ध, फक्त एक अक्षर जास्तीचं. तळव्याला ट्रॅक्टरच्या टायरसारखी नक्षी. विकणारा म्हणाला होता, "साहेब, पहाडावर चालतील." फाळणीनंतर लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचं हे गाव, १९४९ साली त्याला नदीवरून नाव मिळालं. म्हणजे बूट उल्हासनगरचे आणि गाळ उल्हासचा. दोघांचं आतून काहीतरी ठरलेलं असावं.

भाच्याचा उपदेश मला पाठ होता. गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर, मागे रेलायचं नाही, घाबरून ब्रेक मारायचा नाही. पहिली शंभर पावलं मी असा गेलो की मला माझाच हेवा वाटला. राड ओलांडली, तेल टाळलं, पिचकारी ब्लॉक ओळखला. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून काश्मीरचा स्कीपटू आरिफ खान एकटाच गेला होता. त्याची शर्यत म्हणजे रोवलेल्या खांबांमधून वळसे घेत उतरणं. आमच्या गल्लीत खांब रोवलेले नसतात, ते समोरून चालत येतात: एक म्हैस, दोन दूधवाले, गादी वाळत घालायला निघालेलं एक कुटुंब. मी सगळ्यांना वळसा घातला. आणि पुढे सुकलेला, भेगाळलेला, आश्वासक रस्ता दिसताच जरा ऐटीत पाय टाकला.

पापुद्रा.

उजवा पाय वांगणीकडे गेला, डावा अंबरनाथकडे. मी मधल्या स्टेशनात बसलो. अगदी सावकाश, बघणाऱ्यांना जवळच्यांना हाका मारता येतील इतक्या सावकाश. बुटांच्या नक्षीत गाळ गच्च भरून तळवे आता गुळगुळीत झाले होते, त्यामुळे उठण्याचे पहिले दोन प्रयत्न म्हणजे नव्याने पडणंच ठरलं. एक रिक्षावाला थांबला. "लागलं का काका? या, बसा..." मग त्याने माझी मागची बाजू पाहिली. "नाय, नको. सीट कालच बदललीय."

हिने काही न बोलता आपली छत्री माझ्या रिकाम्या हातात दिली. दोन हातांत दोन छत्र्या टेकत मी स्टेशन गाठलं. लोकलमध्ये माझ्याभोवती जेवढी मोकळी जागा होती, तेवढी सकाळच्या गाडीत मला आयुष्यात मिळालेली नाही.

अंबरनाथचं मंदिर शके ९८२चं, म्हणजे १०६०चं, शिलाहारांच्या काळातलं. शेजारून वालधुनी वाहते. गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. आणि ओल्या पायांनी साडेनऊशे वर्षं घासलेला तो काळा दगड त्या सकाळी काचेसारखा झाला होता. बूट बाहेर काढून मी वरच्या पायरीवर उभा. छत्र्या हिने काढून घेतलेल्या. पुढे मागे लोक, हातात बेलाचं पान.

माझ्या बाजूने काष्ट्याच्या लुगड्यातली एक आजी, सत्तरीची तरी असेल, हातात पाण्याचा तांब्या घेऊन तरातरा उतरली. तांब्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. खाली पोचल्यावर वळून म्हणाली, "अंगठा रोव, भाऊ. टाच नको."

मी अंगठा रोवला. दहाही बोटं पसरली. आणि खरंच, दगडाने पाय धरला! पन्नास वर्षं मी ती बोटं बुटात कोंडून फक्त नखं कापण्यापुरती बाहेर काढत होतो. खाली पोचलो, पिंडीवर बेल वाहिला. मागायचं काय ते ऐन वेळी आठवेना, तेव्हा परतीच्या पायऱ्या मागितल्या.

बाहेर आलो तर बूट जागेवरच होते. श्रावणी सोमवारच्या एवढ्या गर्दीत कुणी त्यांना हात लावला नाही, यावरून जाणकारांचं मत कळलं. मी ते पिशवीत घातले आणि अनवाणीच निघालो, वाटेत चिखल होताच म्हणून पुन्हा दोन्ही छत्र्या घेऊन. हिने मागून हाक मारली, फोटो काढला आणि मी नको म्हणेपर्यंत डेन्व्हरला पाठवूनही दिला.

तिकडे रात्रीचा एक वाजत आला असेल. तरी लगेच उत्तर आलं.

"मामा, काठ्या अगदी बरोबर धरल्यास. फक्त मागे रेलतोयस."