मंगळवारचे डोळे

सरकारी दवाखान्यात माणसाला दोन नंबर मिळतात. एक रांगेतला, एक डोळ्यांचा. आमच्या आत्याचा पहिला सत्तेचाळीस निघाला. दुसरा काढायला तीन मंगळवार गेले.

मंगळवार अशासाठी, की आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डोळे फक्त मंगळवारी तपासतात. बुधवार ते सोमवार तुम्ही आंधळे असा नाहीतर डोळस, दवाखान्याला फरक पडत नाही. पहिल्या मंगळवारी साहेब शाळातपासणीला गेले होते. दुसऱ्या मंगळवारी जिल्ह्याला मीटिंग होती. शिपायाच्या सांगण्यानुसार मीटिंगचा विषय होता, तपासणीला पेशंट कमी का येतात.

साहेबांवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. हुद्दा नेत्र चिकित्सा अधिकारी. ते डॉक्टर नसतात, तसं ते स्वतः सांगतातही. पण गाव त्यांना ‘डोळ्याचे डॉक्टर’च म्हणतं. शाळेतली पोरं, शिबिराच्या याद्या, ऑपरेशनचे पेशंट गाडीत घालून जिल्ह्याला पाठवणं आणि उरलेल्या वेळात रजिस्टर, एवढं सगळं एका माणसाच्या दोन डोळ्यांवर. त्यांनाही चष्मा आहे. दांडीला दोरा बांधलेला.

तिसऱ्या मंगळवारी साहेब सापडले.

दृष्टी तपासायच्या तक्त्यासमोर सहा मीटर अंतर लागतं. १८६२ साली हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञानं असला तक्ता काढला, तेव्हा त्याच्या डोक्यात मोठी खोली असणार. आमच्या खोलीत औषधांची खोकी होती, म्हणून तक्ता व्हरांड्याच्या एका टोकाला आणि पेशंट दुसऱ्या टोकाला. मधून सलाईनची बाटली उंच धरून नातेवाईक जात होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तीन दातांच्या कंगव्यासारख्या आकृत्या. दाते कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. सगळी रांग त्याच व्हरांड्यात बसलेली. शेहेचाळीस माणसांनी शेहेचाळीस वेळा ‘वर, खाली, डावीकडं, वर’ असं मोठ्यानं म्हटल्यावर आमची सत्तेचाळीस नंबरची आत्या उभी राहिली आणि पंढरीच्या वारीत अभंग म्हणावा तसा आख्खा तक्ता तिनं म्हणून दाखवला. तक्त्याकडं न बघता.

साहेबांनी केसपेपरवर लिहिलं, ६/६.

“आजी, नजर झकास आहे. मोतीबिंदू अजून नाही.”

त्या ‘अजून’मध्ये थोडी निराशा होती, असं मला वाटलं. मोतीबिंदू असता तर आत्या रजिस्टरमध्ये गेली असती. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याची मोजदाद मुख्यतः मोतीबिंदूच्या ऑपरेशनांनी होते. ते चूक नाही. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वात सुमारे ६६ टक्के वाटा एकट्या मोतीबिंदूचा निघाला. ऑपरेशन थोड्या वेळाचं, भिंग आत बसतं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, काळा गॉगल लावून म्हातारा एसटीत बसतो. फोटोही चांगला येतो. असं काम सरकारला क्वचितच मिळतं.

चष्मा मात्र फोटोत येत नाही.

मी म्हटलं, “साहेब, तिला लांबचं दिसतंय. जवळचं दिसत नाही.”

“आजींना वाचता येतं का?”

“नाही.”

“मग जवळचा चष्मा कशाला?”

साहेब हसले नाहीत, म्हणजे विनोद नव्हता. आपल्याकडे जवळच्या चष्म्याचा आणि पोथीचा काही करार झालेला आहे. वाचणाऱ्याला चाळिशी लागते; न वाचणाऱ्याला काय, नुसतं वय लागतं. मराठीनं चष्म्याला वयाचं नाव दिलं, त्यात साक्षरतेची अट कुठंच नव्हती. डोळ्यातलं भिंग कडक होऊन जवळचं धूसर व्हायला लागतं, ते अंगठा उठवणाऱ्याचं आणि सही करणाऱ्याचं सारखंच. आत्या वाचत नाही, पण तांदूळ निवडते. सुईत दोरा ओवते, म्हणजे ओवायची. रक्तदाबाची गोळी कुठली आणि साखरेची कुठली हे रंगावरून ओळखते, आणि कंपनी बदलली की दोन्ही पांढऱ्या येतात.

आसामात चहाच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे दिले, तेव्हा त्यांचं काम सुमारे २२ टक्क्यांनी वाढलं. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये हा अभ्यास छापून आला. पानं खुडायला वाचता यावं लागत नाही. दिसावं लागतं.

गंमत म्हणजे गरीब म्हाताऱ्यांना जवळच्या कामाचा चष्मा फुकट द्यायची तरतूद त्याच राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. साहेबांना विचारलं तर म्हणाले, “आहे की. स्टॉक नाही.” तरतूद आणि स्टॉक हे दोन डोळे आहेत आणि आपला कारभार थोडा तिरळा आहे.

आंधळा कोण, हेही आपण कागदावर ठरवतो. २०१७पर्यंत आपल्याकडे चांगल्या डोळ्याची नजर ६/६०च्या खाली गेली की माणूस अंध. म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते ज्याला सहा मीटरवरूनही दिसत नाही तो. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी जुळवून घेण्यासाठी रेघ ३/६०वर आणली. जगाशी तुलना करायची तर माप एकच हवं, कारण पटण्यासारखं आहे. पण दोन रेघांच्या मध्ये जे अडकले होते, ते एका परिपत्रकानं अंधांच्या आकड्यातून बाहेर आले. थेंब नाही, पट्टी नाही, टाका नाही. इतकी स्वस्त शस्त्रक्रिया जगात दुसरी नसेल. त्यांना बस अजूनही दिसत नसणार, तो भाग वेगळा.

असो. येताना आठवडी बाजार लागला. चटईवर चष्मे मांडून एक पोरगा बसलेला. त्याच्याकडे तक्ता नव्हता, व्हरांडा नव्हता. शेजारच्या धान्यवाल्याकडून त्यानं मूठभर तांदूळ घेतले, आत्याच्या तळहातावर ठेवले आणि एकेक चष्मा तिच्या नाकावर चढवत गेला. “खडा दिसतोय का, मावशी?” तिसऱ्या चष्म्याला आत्यानं खडा उचलून त्याच्या हातावर ठेवला. तपासणी संपली. दीडशे सांगितले, शंभरला दिला.

मी मनात त्याला पदवी देऊनही टाकली होती. पण एवढं सोपं नाही. त्या पोरानं आत्याच्या डोळ्यांचा दाब मोजला नाही. काचबिंदू कडेची नजर खात खात आत येतो, दुखत नाही, खुपत नाही आणि खाल्लेलं परत देत नाही. आत्याला साखर आहे. डोळ्याच्या पडद्यावर त्या साखरेनं काय करून ठेवलंय ते चटईवर बसून कळत नाही. त्यासाठी दवाखानाच पाहिजे, आणि तो बुधवारीही उघडा पाहिजे. पडद्याची तपासणी कुठं होते, असं मी केसपेपरच्या खिडकीत विचारलं होतं. उत्तर आलं, “जिल्ह्याला. तिथं विचारा, वार बहुतेक गुरुवार.”

चष्म्याचा पहिला फटका सूनबाईला बसला. इतकी वर्षं आपण काय खात होतो हे आत्याला एका संध्याकाळी दिसलं आणि घरात तीन दिवस अबोला होता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शनिवारी सकाळी फोन आला. दवाखान्यातून. शिबिराची यादी पुरी करायची होती. “तुमच्याकडच्या आजींचा मोतीबिंदू पिकला का? गाडी दारात येईल. जेवण फुकट, गॉगल फुकट.” आजकाल मोतीबिंदू पिकायची वाट बघत नाहीत, पण यादी पिकायला लागली की जुनी भाषा आठवते.

मी फोन आत्याकडं दिला. तिनं चष्मा कपाळावर सारला, सगळं ऐकून घेतलं.

“या की,” ती म्हणाली. “पन मंगळवारी या. बाकीच्या दिशी मी बगत न्हाई.”