शनिवारी गाळा बंद, प्रणय चालू

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भाजीपाला विभागाला शनिवारी सुट्टी असते आणि आठवड्यातली सर्वांत मोठी आवक रविवारी. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस कुठल्याही वारी पडो, गुलटेकडीचा आडत्या तो शुक्रवारी दुपारी गाळा बंद झाल्यावर सुरू करतो आणि रविवारी पहाटे पहिला टेम्पो लागायच्या आत आटोपतो. तेवढ्या वेळात एक ऐतिहासिक शहर, एक तलाव आणि एक झरोका बसवायचा असतो. बायकोच्या यादीत झरोका पहिला, तलाव दुसरा. नवराही यादीत आहे; फोटो काढायला कोणीतरी लागतंच.

या यादीच्या मुळाशी असतं उदयपूर. पिछोला तलावातला जगनिवास महाल महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४३ ते १७४६ या काळात बांधून घेतला. युवराज असताना त्याच तलावातल्या जगमंदिर महालात चांदण्यातल्या मेजवान्या करायला वडिलांनी मनाई केली, म्हणून त्यांनी पाण्यात स्वतःचाच महाल उभा केला, असं सांगतात. १९६३ साली त्याचं हॉटेल झालं, १९८३च्या ‘ऑक्टोपसी’त जेम्स बाँड तिथे जाऊन आला. आता तिथल्या एका रात्रीचं भाडं ऐकून आडत्या एवढंच विचारतो, “हा होलसेलचा भाव की किरकोळीचा?” शिवाय उदयपूरला गेलं की रविवार बुडतो, आणि रविवार बुडवून केलेल्या प्रेमाला यार्डात कोणी मान देत नाही.

मग मोर्चा कोल्हापूरकडे वळतो. अंतर सुमारे २३० किलोमीटर, वाटेत चार टोलनाके आणि बायपास कुठून वळवलाय याची रोज नवी उत्सुकता. शहर ऐतिहासिक आहे, रंकाळा तलाव आहे आणि रंकाळ्याच्या काठावर १९३१ ते १९३४मध्ये बांधलेला, राजकन्येच्या नावाचा शालिनी पॅलेसही आहे. १९८७ साली त्याचंही हॉटेल झालं होतं. ते आता बंद आहे. म्हणजे तलाव मिळाला, महाल मिळाला, फक्त आत झोपता येत नाही.

महालाचं हॉटेल चालतं, किल्ल्याचं नाही. सप्टेंबर २०१९मध्ये राज्यातले पंचवीस किल्ले हॉटेलांसाठी आणि लग्नसमारंभांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा बेत बाहेर आला, तेव्हा महाराष्ट्र खवळून उठला. शिवरायांशी नातं असलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. राग रास्तच होता. पण रागावलेल्यांपैकी कित्येक जण त्याच दिवाळीत राजस्थानातल्या कुठल्याशा गडावर, तोफेशेजारी मांडलेल्या टेबलावर दाल-बाटी खात होते. पुणेकराची तर वेगळीच कमाल. पेठेतल्या वाड्यातला आपला वाटा बिल्डरच्या हवाली करायचा, सागवानी खांब भंगारवाल्याला द्यायचे आणि तसेच खांब बघत एक रात्र काढायला परगावच्या हवेलीत पैसे मोजायचे.

खरी पंचाईत पुढे, खोली निवडताना होते. आयुष्यभर ढीग उलथून तळातली मेथी बघणारा, फ्लॉवरचा गड्डा हातात घेऊन वजन सांगणारा आडत्या खोली मात्र मोबाइलवरच्या फोटोवर घेतो. फोटोत पलंगापासून खिडकी इतकी लांब दिसते की मध्ये रिक्षा करावी. ‘लेक व्ह्यू’चा अर्थ बाल्कनीतून डावीकडे वाकल्यावर, शेजारच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून नजर पोचली तर तलाव, असा असतो. यार्डात असा माल आला तर लिलाव तिथेच थांबेल.

आणि यात आडत कोणाची? २०१६पासून भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असा कायदा झाला, तेव्हा याच गाळ्यांवर केवढा गहजब झाला होता. हॉटेल-बुकिंगच्या धंद्यात कमिशन हॉटेलवाला देतो आणि गुपचूप भाड्यात मिसळतो. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाख आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाखांचा दंड ठोठावला. एक आक्षेप असा होता की, आमच्यापेक्षा स्वस्त खोली दुसऱ्या संकेतस्थळावर द्यायची नाही, ही अट मेकमायट्रिप-गोआयबिबोने हॉटेलांवर लादली. डमी आडत्यांवरून वर्षानुवर्षं बोलणी खाणाऱ्या यार्डाला ही बातमी वाचून फार हलकं वाटलं असणार.

प्रणयाची सरकारी मर्यादाही ठरलेली आहे. रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी पाच टक्के (२२ सप्टेंबर २०२५पूर्वी बारा होता), त्यावर एक रुपया गेला की थेट अठरा. म्हणून सात हजार चारशे नव्व्याण्णवच्या खोलीत जेवढं प्रेम मावेल तेवढंच आडत्याला परवडतं.

वर ‘अॅनिव्हर्सरी पॅकेज’. टॉवेलचे दोन हंस, मध्ये पाकळ्यांचा बदाम. इथे मात्र हॉटेलवाल्याने चुकीच्या माणसाशी गाठ घातलेली असते. गाळ्याच्या शेजारच्या फुलबाजारात डच गुलाब वीस नगांच्या हिशेबाने जातो, साधा गुलाब गड्डीने, आणि चौदा फेब्रुवारीच्या आधी मावळातला निवडक माल परदेशी निघतो, हे याला पाठ. पलंगावर दीड गड्डीहून जास्त गुलाब नाही, तोही कालचा, हे तो फोटोवरूनच सांगतो. बायको म्हणते, “अहो, पंचवीस वर्षांत एकदा तरी भाव न विचारता फुलं बघा.” तो बघतो. झेंडू मिसळलाय, असं त्याच्या लक्षात येतं.

नात्याच्या पुराव्याची काळजी वेगळीच. जानेवारी २०२५मध्ये ओयोने मेरठपासून सुरुवात करून जोडप्यांकडे नात्याचा पुरावा मागायचं ठरवलं, आणि इथे बायकोच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव. गाळ्यावरच्या अनुभवी मंडळींचं मत असं की, चार्जर कोण विसरलं यावरून रिसेप्शनसमोर दोघांचं वाजलं की मॅनेजर काही मागत नाही.

एवढं होईतो बातमी घरात फुटलेली असते. भुसार विभागातला मित्र सांगतो, शाहू मार्केट यार्डात गुळाचा भाव बघून ये. आणि आई म्हणते, “कोल्हापूरला निघालाच आहात, तर मलाही अंबाबाईचं दर्शन घडवा. मी काय, कोपऱ्यात पडून राहीन.” आडत्या संकेतस्थळ बंद करून थेट हॉटेलला फोन लावतो, एक्स्ट्रा बेडचा दर दोनशेनं खाली आणतो. पलीकडचा विचारतो, पाकळ्यांचा बदाम एकाच पलंगावर करायचा, का आजींच्याही?

“ते राहू द्या,” आडत्या म्हणतो. “काकड आरतीला जायचंय. पहाटे चारला गरम पाणी मिळेल का?”

“मिळतंय की! पाकळ्या सहाच्या आत नाही मिळायच्या, पाणी मिळतंय.”