तळाचा माल दाखवा

हळदीचं पोतं वरवर बघून कोणताच व्यापारी घेत नाही. वर लांब, भरीव कांडी लावायची आणि तळाला गट्टू नि माती दडवायची, ही युक्ती त्याला आपल्या आज्याच्या काळापासून ठाऊक आहे. तो कोपरापर्यंत हात घालतो, तळाची मूठ बाहेर काढतो, मगच भाव बोलतो. ढाणकी-उमरखेडच्या शेतकऱ्याला यात अपमान वाटत नाही. चाचण्यांचे निकाल तळापर्यंत दाखवा म्हटलं, की औषधवाल्यांना मात्र वाटतो.

गंमत म्हणजे असा एक किस्सा हळदीचाच. सप्टेंबर 2023 मध्ये बीएमजे समूहाच्या एका नियतकालिकात थायलंडमधली चाचणी छापून आली. जुनाट अपचनावर हळदीतलं कर्क्युमिन आणि ओमेप्राझोलची गोळी, दोघांचा गुण जवळपास सारखा. झालं! बातमी मोबाइलवर येईस्तोवर ‘सारखा’चा ‘सरस’ झाला आणि आमचे जाणकार काका गोळी फेकून चहात चिमूटभर हळद टाकायला लागले. अहो काका, चाचणीत रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन होतं. हळदीत ते साधारण तीन टक्के असतं. करा हिशेब: दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम हळद! एवढी नवरदेवाला लागते, तुम्हाला नाही.

आता तळाची मूठ. चाचणीत घेतले 206 जण, शेवटपर्यंत टिकले 151. पंचावन्न मधूनच गळाले. आणि औषध नसलेली नुसतीच गोळी घेणारा गट ठेवलाच नव्हता. मग पोट हळदीनं शांत झालं, ओमेप्राझोलनं, की आपसूक? अपचन आपसूकही निवळतं. संशोधकांनी हे आकडे लपवले नव्हते, व्यवस्थित लिहिले होते. खाऊन टाकले ते मथळ्यांनी. हा त्यातल्या त्यात सभ्य प्रकार.

असभ्य प्रकारात निकाल कपाटातच राहतो. त्यानं काय बिघडतं? बद्धकोष्ठतेवरचं टेगासेरॉड बघा. 29 चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा दिसलं: औषध घेणाऱ्या 11,614 जणांत 13 जणांना हृदयविकार, पक्षाघात असलं काही गंभीर झालं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या 7,031 जणांत एकाला. यातल्या दहा चाचण्या कपाटात राहिल्या असत्या, तर हा फरक दिसला असता का? अमेरिकेत मार्च 2007 मध्ये विक्री थांबली. भारतात बंदी आली मार्च 2011 मध्ये. मधली चार वर्षं आपल्या काळजाची बनावट बहुधा वेगळी होती.

उलट पुण्याच्या सीरमची रोटाव्हायरसवरची लस घ्या, तान्ह्या पोरांच्या जुलाबावरची. गंभीर जुलाबापासून संरक्षण नायजरमधल्या चाचणीत 66.7 टक्के, भारतातल्या चाचणीत 36. दोन्ही आकडे 2017 मध्ये छापून आले. घरचा आकडा पडका, तरी छापला. आभाळ काही कोसळलं नाही. लस सरकारी लसीकरणात दाखल झाली.

मग अडतं कुठं? चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही 2007 पासून आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, चालवते. 15 जून 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे. मे 2017 मध्ये आयसीएमआरनं जागतिक आरोग्य संघटनेच्या निवेदनावर सहीसुद्धा ठोकली: चाचणी संपल्यापासून 12 महिन्यांत निकालाचा गोषवारा नोंदवहीत आला पाहिजे. ही वही कोणालाही फुकट उघडता येते, ढाणकीतूनही, रेंज असली तर. ‘चाचणी पूर्ण’ असा शेरा आणि पुढं निकालाच्या नावानं शुकशुकाट, अशा नोंदी शोधायला फार घाम गाळावा लागत नाही. निकाल टाकला नाही म्हणून इथं कोणाला दंड झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. अमेरिकेच्या कायद्यात दिवसाला 10,000 डॉलर दंड लिहिलाय. तोही वसूल करायला कोणाचा हात धजत नाही म्हणा, पण निदान लिहिलाय तरी.