मच्छीमार नगरात बॅटरीला थंडीपासून कसं वाचवावं

जानेवारीत कफ परेडचा पारा अठरा-एकोणीसवर आला की आमच्या मच्छीमार नगरात घरोघरी माकडटोप्या निघतात आणि 'थंडीनं बॅटरी बसली' ही तक्रार सुरू होते. टोपीवर इलाज नाही. बॅटरीसाठी हे मार्गदर्शन.

आधी थंडी पैदा करा. अडचण खरी इथेच आहे. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. तेवढ्यानं लिथियम-आयन बॅटरीला फार तर आळस चढला असता. शून्याखाली मात्र तिच्यातला द्रव दाटतो, आयन रखडतात आणि तीस टक्के दाखवणारा फोन अचानक मान टाकतो. ते सुख लडाखकरांचं. आपल्याला समुद्र आडवा येतो. आपलं लडाख म्हणजे होडीतला बर्फाचा खण. बर्फात खारं पाणी मिसळलं की तिथला पारा शून्याच्याही किंचित खाली जातो.

तर मावरं भरायला खणात वाका आणि खिशातला फोन निसटू द्या. (वेगळा सराव लागत नाही.) दोन सुरमयांच्या मध्ये तो सापडेल, स्क्रीन काळी, अंगाला खवले. घाबरू नका. गारठलेली बॅटरी संपलेली नसते, ऊब मिळाली की उरलेला चार्ज पुन्हा दिसतो. घाईनं चार्जरला मात्र लावू नका. गोठणाऱ्या बॅटरीत चार्ज ढकलला की लिथियम धातू होऊन आतल्या इलेक्ट्रोडवर बसतो, आणि बसला की कायमचा बसला. शिवाय आपल्या दमट हवेत गार फोनला घाम फुटतो, तोही आतून. आधी पुसा, बंद करा, पूर्ण सुकू द्या.

माझा फोन गेल्या डिसेंबरात खणात न पडताच दुपारपर्यंत मरायचा. मी थंडीला शिव्या घातल्या. आजी जाळं सांधत होती, मान वर न करता म्हणाली, "वैशाखात जवळ्याशेजारी पत्र्यावर कोण वाळत घालत होता रं त्याला?"

उन्हानं बॅटरीची जी ताकद जाते, ती ऊब दिल्यानं काय, नवस बोलूनही परत येत नाही. तेव्हा माकडटोपी खुशाल घाला. चार्जिंगला लावलेल्या फोनला तेवढी घालू नका.